दिपालीच्या गोळ्या आणि कानबाईचे रोट

बुधवार, ९ जुलै २०२५. ब्राह्मणपुरी.

माझा हात पत्रावर घडलेला. सासरी होते तेव्हा माहेरी पत्र टाकायचं, आणि पत्रात आधी एकेकाची खुशाली विचारायची, मग आपलं रडगाणं. आज रोजनिशी लिहायला बसले तरी पेन त्याच वाटेने जातंय. जाऊ दे. एका छपराखाली राहून विचारपूस करायला काय हरकत आहे?

पितांबर, भाऊ, तुझी साखर कशी आहे? सकाळी बोट टोचून रक्त तपासतोस आणि लगेच गुळाचा चहा पितोस. गूळ म्हणजे साखर नव्हे, असं कोणत्या शहाण्याने सांगितलं तुला? शोभाबाई, वहिनी, गुडघे काय म्हणतात? खाली बसून भाकरी थापू नकोस, ओट्यावर थाप. हेमकांत, केळीचे घड वाहून तुझी पाठ धरलेली, ती सुटली का? सीमा, सूनबाई, तुझा खोकला? अडुळसा कडू लागतो म्हणून फेकून देतेस, मला सगळं दिसतं. माझं विचाराल तर डोळ्यात थोडं पाणी येतं, बाकी दगडासारखी आहे.

आणि दिपाली, तू कशी आहेस?

इथे पेन अडलं. काल तिला विचारलं होतं, "पोट कसं शे, बेटा?" तर म्हणाली, "शे तसंच शे, फुई," आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

दिपाली पितांबरची धाकटी, हेमकांतची बहीण. मी तिची फुई, आत्या. मालक गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा ती शोभाबाईच्या पोटात होती. तिला न्हाऊमाखू मी घातलं. आता लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवते, स्कूटीवर जाते-येते, पीएच.डी. करते. सुरतेत नोकरी करणाऱ्या ललितशी तिची सुपारी फुटलीय, लग्न मार्गशीर्षात. दोघांनाही लेकरं हवीत, पण अभ्यास संपल्यावर, तीन-चार वर्षांनी.

पण त्याच्या आड हा आजार आला. एंडोमेट्रिओसिस. एकेक अक्षर तिच्याकडून लिहून घेतलं तेव्हा जमलं. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर पिशवीच्या बाहेर, नको तिथे उगवतं. पाळीच्या दिवसांत तेही रक्त सोडतं आणि त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. तिच्या दोन्ही अंडाशयांवर त्याच्या गाठी झाल्यात. नंदुरबारच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिलीय आणि सुरतेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवा म्हणाले. शनिवारी जायचंय. शोभाबाईचे गुडघे गाडीत आखडतात, म्हणून मी सोबत.

पिशवी आजच भरून ठेवली.

शनिवार, १२ जुलै.

जाऊन आलो. अंग मोडून आलंय, पण आजचं आजच लिहिते, उद्या भीतीने शब्द बदलतील.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. कागदावर चित्र काढून समजावलं. पहिली वाट, गोळी चालू ठेवायची. पाळी थांबते, दुखणं दबतं, गाठ वाढायची थांबते, पण जात नाही. लेकरू हवं झालं की गोळी बंद करायची. दुसरी वाट, दुर्बिणीचं ऑपरेशन. गाठी काढायच्या. पण गाठ सोलून काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, आणि बाईची बीजं कमी होतात. दिपालीच्या रक्ताच्या तपासणीत बीजं आधीच वयाच्या मानाने कमी निघालीत. तिसरी वाट ऐकून तर मी पदर तोंडावर घेतला. आधी बीजं बाहेर काढून बर्फात ठेवायची, मग ऑपरेशन करायचं. पुढे लागली तर ती वापरायची.

"आणि त्या बीजांचं लेकरू होईलच ना?" मी विचारलं.

"खात्री कोणीच देऊ शकत नाही, आजी. पण एक आधार राहतो."

मला केळीचं आठवलं. झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं नको ते पील, म्हणजे कोंब, कापताना कोयता जरा आत गेला की आईच्या कंदाला लागतं. आम्ही तर डोळ्यांनी बघून कापतो. पोटातलं हे दुर्बिणीतून कापणार.

मग बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं दुखणं होतं का? मी म्हटलं, आमच्यात नाही कोणाला. शोभाबाईला दोन लेकरं झाली, ती कापूस वेचून आली आणि बाळंत झाली, असं तिचं अंग. मला दुखायचं, पण ते बाईपणाचं दुखणं. पाळी आली की मी कपाशीच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन पडायचे, ओकाऱ्या यायच्या, सासू म्हणायची महाराणीला कामाचा कंटाळा. पुढे पाळी गेली आणि तेही गेलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला मुलं किती, आजी?"

"देवाने नाही दिली."

त्या दिपालीकडे बघत राहिल्या आणि दिपाली माझ्याकडे. मला वाटलं, विधवा बाई म्हणून कीव आली असेल. मी म्हटलं, माझं सोडा, पोरीचं बघा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

परतीच्या गाडीत नवापूर जाईपर्यंत दिपालीने माझा हात धरून ठेवला होता. धीर मी तिला द्यायला हवा, आणि पोरगी माझाच हात दाबत होती.

रविवार, १३ जुलै.

घरात बैठक झाली. बैठक कसली, सगळे एकदम बोलत होते.

शोभाबाई म्हणाली, "लगीन व्हई जाऊ द्या, मंग पाहू. मार्गशीर्षात लग्न, पुढच्या दिवाळीला पाळणा. लेकरू झालं की सगळं दुखणं जातं."

"बाईंनी सांगितलं, तसं काही नाही," दिपाली म्हणाली.

"बाईंना किती लेकरं शेतस?"

पितांबरचं म्हणणं, ऑपरेशन करून टाका, काटा निघालेला बरा. हेमकांत म्हणाला, ललितच्या घरी हे सांगायचं की नाही ते आधी ठरवा. दिपाली उठली आणि आत गेली.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मला तिन्ही वाटांवर साप दिसतो.

रविवार, २० जुलै.

भीती लिहून काढली की हलकी होते म्हणतात. बघते.

या गोळीने दिपालीची पाळी बंद झालीय. दोन महिने झाले, एक थेंब नाही. दुखणं कमी आहे, जेवते, रंग आलाय. पण विहिरीचा पाझर आटला तर कोणी आनंद करतं का? रक्त जातंय कुठे? आत साठत असेल तर? गोळ्या चार वर्षं घेतल्या आणि मग पाळीचं दार उघडलंच नाही तर? गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी चष्मा लावून वाचला. इंग्रजी आहे. आकडे तेवढे कळले.

दिपालीला म्हटलं, मध्ये-मध्ये एखादी चुकवली तर चालणार नाही का, अंगाला सवय राहील. ती म्हणाली, "फुई, रोज त्याच वेळेला घ्यायची. एकही चुकवायची नाही." मी हो म्हटलं. मन हो म्हणालं नाही.

सोमवार, २८ जुलै.

उद्या नागपंचमी, येत्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई घरी बसायची. घर सारवून झालं. रोटाचे गहू पाखडले. आमच्याकडे घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी गहू घेतात, त्याच्याच जाड पोळ्या, म्हणजे रोट. घरच्या कुळानेच खायचे, बाहेर एक घास जाऊ द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाही. मी इतकी वर्षं या घरात राहते, पण कूळ माझं सासरचं, म्हणून त्या दिवशी माझ्यासाठी वेगळी खिचडी टाकतात. दिपालीचे हे शेवटचे रोट. पुढच्या वर्षी तीही परक्या कुळाची होईल.

दुपारी सीमा जवळ येऊन कुजबुजली. "फुई, मन्ही तारीख बरोबर कानबाईले येई ऱ्हायनी. शहाद्याले कोन्ही जाई ऱ्हायनं का? गोळ्या आणाना होत्यात."

रोट सुनेनेच करायचे, आणि पाळी आली की चुलीजवळ जायचं नाही. म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतं. गावात सगळ्याच घरांत घेतात.

मी म्हटलं, "दुकानमा कसाले? घरमाच शेतस."

दिपालीच्या कपाटात दोन पट्ट्या होत्या. एक चालू, एक कोरी. कोरी काढून सीमाला दिली. पाळी थांबवायची ती गोळी एकच, नाही का? दिपालीला चार दिवसांनी दुसरी आणून देऊ.

खरं लिहायचं तर, पट्टी देताना मला थोडं बरंही वाटलं. चार दिवस खंड पडला तर पोरीचं दार किलकिलं राहील, असं मनात आलं. देवीच्या कामाला गेली पट्टी, देवी बघून घेईल.

गुरुवार, ३१ जुलै.

दिपालीची चालू पट्टी कालच संपली. सकाळपासून कोरी शोधतेय. कपाट उपसलं, पर्स उलटी केली, मला विचारलं, "फुई, तू आवरलंस का इथलं?"

मी म्हटलं, "बघते."

शहाद्याच्या मेडिकलमध्ये ती गोळी नाही, मागवावी लागते, सोमवारपर्यंत येईल म्हणाले. ललितला फोन केला, तो सुरतेहून पाठवतो म्हणाला. मी सीमाकडे परत मागायला गेले, तर ती म्हणाली अर्धी पट्टी तिने चुलत जावेला दिली आणि उरलेल्या ती सकाळ-संध्याकाळ घेतेय. आता सांगावं तर कानबाईच्या तोंडावर घरात भांडण. न सांगावं तर...

आज उद्या करता करता दिवस मावळला.

रविवार, ३ ऑगस्ट. कानबाई.

पहाटेपासून घर गजबजलेलं. कानबाई बसली, नारळाला नथ घातली, गजरा माळला. दारात वाजंत्री. दिपाली नवी साडी नेसून आरतीला उभी होती. आरती अर्ध्यावर आली आणि तिने खांबाला हात लावला. मग खाली बसली. मग आडवीच झाली.

मी तिला आतल्या खोलीत नेलं. पाळी आली होती, आणि तिच्याबरोबर दुखणं, असं की पोरगी बोटं चावत होती. बाहेर गाणी चालू होती, म्हणून तिचं कण्हणं कोणाला ऐकू जात नव्हतं. मला जात होतं. गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ते पडणं मी ओळखलं. पाठीवर कुठे दाबलं की जरा सुटतं ते माझ्या हातांना माहीत होतं. तिथेच दाबलं तेव्हा तिचा श्वास जरा मोकळा झाला.

तेवढ्यात सीमा दारात. हाताला रोटाचं पीठ, चेहरा उतरलेला. "फुई, तुमन्या गोळ्या काही कामन्या नहीत! मन्ही बी येई गई!"

मी डोळ्यांनी खुणावलं, पण वेळ गेली होती. दिपालीने मान वळवली.

"कोणत्या गोळ्या?"

सीमा काय खोटं बोलणार? तिला ठाऊकच नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं.

राग आला की दिपाली घरची बोली सोडते आणि कॉलेजातली मराठी बोलते. "फुई, ती पाळी लांबवायची गोळी नव्हती. ते माझं औषध होतं. तू मला विचारलं का नाहीस?"

मी म्हटलं, "तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

बाहेर शोभाबाई हाका मारत होती, रोट करपले म्हणून. सीमा चुलीजवळ जाऊ शकत नव्हती, शोभाबाईला खाली बसवत नव्हतं. अखेर रोट पितांबरने आणि हेमकांतने थापले. नकाशे झाले. पितांबर म्हणाला, "काय व्हयनं? खावाले तं गोलच लागतीन का?" एरवी मी पोट धरून हसले असते.

मंगळवार, ५ ऑगस्ट.

देवी काल नदीला गेली. दिपाली माझ्याशी बोलत नाही. ललितने पाठवलेल्या गोळ्या आल्या. तिने पट्टी पर्समध्ये ठेवली आणि पर्स उशाखाली. ते मला दिसावं म्हणून नव्हे, पण दिसलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट.

आज तिने माझ्यासमोर सुरतेच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. म्हणाली, फुईला ऐकू दे.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चार-पाच दिवस गोळी बंद झाली म्हणून रक्तस्राव आला, दुखणंही परतलं. गोळी थांबली की पाळी येते. ती पाळी कायमची बंद करत नाही.

"रक्त आत साठतं का हो?" मी मध्येच ओरडले.

"नाही, आजी. गोळीने अस्तर पातळ राहतं. साठायला रक्त होतच नाही."

इतकी सोपी गोष्ट. मला विचारायची सुचली नाही, आणि पोरीच्या पोटावर परीक्षा झाली. दिपालीने फोन ठेवला. मला वाटलं, आता तरी बोलेल. बोलली, पण भलतंच. "फुई, तू कपाशीच्या ढिगावर पडायचीस तेव्हा पाठ कोण दाबायचं?"

मी म्हटलं, कोणी नाही. बांधाला पाठ लावून आपली आपण दाबायची.

ती रडायला लागली. मला वाटलं, अजून दुखतंय.

शनिवार, १६ ऑगस्ट.

ललित येऊन गेला. दिपालीने त्याला पहिल्या तपासणीपासून सगळं सांगितलं होतं म्हणे. आम्ही इकडे सांगायचं की झाकायचं म्हणून डोकं फोडत होतो.

जेवताना शोभाबाईने त्याला विचारलं, "तुमचं मत काय, जावईबापू? लवकर लेकरू बघायचं, की ऑपरेशन?"

तो म्हणाला, "शरीर तिचं आहे. ती ठरवेल. मी रजा टाकून ठेवलीय."

हे कसलं उत्तर? आमच्या वेळी नवऱ्याला काही ना काही मत असायचंच. त्याचे आईवडील काय म्हणतात विचारलं तर म्हणाला, त्यांना पटायला वेळ लागतोय. एवढंच बोलून ताटात बघत राहिला. वेळ म्हणजे काय? लग्न मोडण्याइतका वेळ?

जाताना त्याने माझ्या पायाला हात लावला आणि हळूच विचारलं, पाठीवर कुठे दाबायचं ते दाखवाल का? मी त्याच्याच पाठीवर बोटाने दाखवलं. विचित्र मुलगा आहे.

रविवार, २४ ऑगस्ट.

दिपालीने ठरवलं. तिसरी वाट. आधी बीजं काढून ठेवायची, मग एका बाजूची मोठी गाठ काढायची, दुसरीला हात लावायचा नाही, मग पुन्हा गोळी. पीएच.डी. सोडायची नाही. मार्गशीर्षातलं लग्न पुढे ढकलायचं, मोडायचं नाही.

शोभाबाई म्हणाली, "आणि इतकं करून लेकरू नाहीच झालं तर?"

"तर नाही झालं, आई. मला पाहिजे. खूप पाहिजे. म्हणूनच तर हे करते. पण त्यासाठी दर महिन्याला मरायचं नाही मला."

पितांबर उठून गोठ्यात गेला.

मी तिला म्हटलं, बेटा, मला भीती वाटते. ती म्हणाली, "माले बी वाटस, फुई." घरच्या बोलीत म्हणाली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.

दिपाली आणि शोभाबाई सुरतेत आहेत. ललितने दवाखान्याजवळ खोली घेऊन दिली. पोटाला रोज इंजेक्शनं चालली होती, आणि आज सकाळी बीजं काढणार. भूल देणार. मला नेलं नाही, इथे पितांबरची साखर वाढलीय, कोणीतरी पाहिजे. शोभाबाई फोन उचलत नाही, तिला गर्दीत ऐकूच येत नाही. ललितचा बंद लागतो.

सकाळपासून चुलीवर दूध दोनदा उतू गेलं. सीमा म्हणाली, "फुई, तुम्ही बसा. काम मीच करते." बसले तर नको ते डोळ्यांपुढे येतं. भूल उतरलीच नाही तर? सुई भलत्या जागी गेली तर? एकही बीज निघालं नाही आणि पोरीला ते कळलं तर ती कोणाकडे बघेल? शोभाबाई आधी स्वतः रडेल.

महिनाभर मी एकच घोकत होते, लेकरू होईल का, होईल का. आज तोंडात ते येतच नाही. हेमकांतने मला मोबाईलवर लिहायला शिकवलंय, पण अक्षरं चुकतात. म्हणून आधी इथे लिहून घेते, मग एकेक अक्षर बघून त्यात उतरवीन.

चि. दिपालीस फुईचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, आमची काळजी करू नये. किती निघाली, चांगली की वाईट, ते मला आत्ता नको. ते सगळं पुढचं पुढे. तू डोळे उघडलेस का, पाणी प्यालीस का, पाठ दाबायला कोणी आहे का, एवढंच कळव. ललितला मी जागा दाखवलीय, त्याला सांग. बोलवत नसेल तर एक अक्षर लिही, नुसतं हो म्हण. फोन हातात धरून ओट्यावर बसलेय. लिही, बेटा. लवकर लिही.